सुरकुत्या लावल्या म्हणजे वय होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेमिंगमधल्या करिअरवर पानभर मजकूर आला होता. पालकांना सल्ले होते, मुलांच्या डोळ्यांची काळजी होती, कोणता कोर्स करावा हेही होतं. चित्रात तीन पोरं हेडफोन लावून बसलेली. गेम खेळणारा म्हणजे सोळा ते पंचविशीतला मुलगा आणि बाकीचं घर त्याच्या काळजीत, हे लेखकाने धरूनच चाललं होतं. त्याबद्दल माझं भांडण नाही. पण मी ६४ वर्षांची आहे, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, कर्वेनगरात माझं छोटं क्लिनिक आहे आणि मी ऑनलाइन गेम खेळते. रंगीत गोळ्या फोडायचे नव्हेत. ज्यात गोष्ट असते, माणसं भेटतात आणि जे वर्षानुवर्षं चालतात ते. तेव्हा त्या लेखात जे नव्हतं त्याबद्दल लिहिते: या खेळांमधल्या बायकांचं वय.

मला खेळायला लेकीने लावलं. ती म्युनिकला असते. व्हिडिओ कॉलवर आमची गाडी ‘जेवलीस का’ आणि ‘थंडी किती’ याच्यापुढे जाईना, तेव्हा सुट्टीत आली असताना तिने माझ्या लॅपटॉपवर ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ टाकून दिला. आता शनिवारी रात्री माझं मागचं आवरलं की तिच्याकडे संध्याकाळ असते. दोघी मिळून गुहा साफ करतो. नोकरी सोडायचं डोक्यात आहे हे तिने मला पहिल्यांदा तिथेच सांगितलं, एका भल्यामोठ्या कोळ्यावर आम्ही दोघी बाण सोडत असताना. फोनवर तिने ते सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

हा खेळ २०१४ पासून चालू आहे. त्यात आपलं पात्र तयार करताना वयाची एक पट्टी मिळते, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं. ‘फायनल फँटसी १४’ या अशाच दुसऱ्या ऑनलाइन खेळात तीही नाही. मी अर्थातच पट्टी शेवटपर्यंत ओढली. कपाळावर रेघा आल्या, डोळ्यांखाली घड्या आल्या. केस पांढरे घेतले. मग चेहऱ्यावरून नजर खाली नेली तर मान पंचविशीतली, दंड पंचविशीतले, कंबर पंचविशीतली. धावायला लावलं तर खो-खोच्या मैदानावरून थेट उचलून आणल्यासारखी धावते. थोडक्यात, तरुण मुलीच्या अंगावर म्हातारीचा मुखवटा.

आमच्या धंद्यात चेहरा सगळ्यात शेवटी बघतात. बाई दारातून खुर्चीपर्यंत येते तेवढ्यात निम्मं निदान होऊन जातं. वय वाढतं तसं पाऊल आखूड पडायला लागतं. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा क्षण लांबतो. घोट्याचा रेटा कमी होतो आणि ते काम हळूहळू खुबा आपल्याकडे घेतो. पन्नाशीपुढची बाई जमिनीवरून उठताना बघा. आधी एका कुशीवर वळेल, एक तळवा फरशीवर टेकेल, दुसरा गुडघ्यावर, मग कंबर वर येईल आणि सगळ्यात शेवटी मान. उठून झाल्यावर एक क्षण तशीच थांबेल, साडी किंवा ओढणी सारखी केल्यासारखं दाखवेल. खरं म्हणजे ती तोल बघत असते. गुडघ्याचं दुखणं असेल तर जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे कुणी शिकवावं लागत नाही, शरीर आपलं आपण शोधून काढतं.

आणि वय म्हणजे नुसती वजाबाकी, असंही नाही. मंडईत बाहेरच्या बाजूला मेथीच्या जुड्या घेऊन बसणारी सत्तरीची बाई पूर्ण तळपाय टेकवून तासन्‌तास उकिडवी बसते. हिंजवडीहून माझ्याकडे पाठ धरून येणाऱ्या तिशीतल्या मुलांना टाचा न उचलता अर्धा मिनिट तसं बसता येत नाही. शेतात जन्म गेलेल्या बाईची पकड मोजायला घेतली की आमच्या इंटर्न पोरी एकमेकींकडे बघायला लागतात. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये हडपसरच्या पंच्याऐंशीच्या आजींचा लाठी-काठी फिरवतानाचा व्हिडिओ देशभर फिरला होता, तो वाचकांना आठवत असेल. लोकांनी ‘या वयात!’ म्हणून तोंडात बोटं घातली. मी मात्र तो थांबवून थांबवून मनगटं बघत होते. ती सफाई पंचविशीत येत नसते, तिच्यामागे अख्खा जन्म असतो. एखाद्या खेळातल्या योद्ध्याला अशी चाल द्यायची कुणाला सुचलं असतं तर?

खेळात म्हातारी नसते असं नाही. असते की. गावच्या वेशीवर उभी असते, कमरेवर हात ठेवून, कमरेतच वाकलेली (खरी माणसं बहुधा पाठीच्या वरच्या भागात वाकतात, पण असो). तिची बकरी हरवलेली असते नाहीतर मुलगा लढाईवरून परतलेला नसतो. आपण तिचं काम करून द्यायचं, ती चार नाणी देते आणि पुन्हा त्याच जागी उभी राहते. नाहीतर ती चेटकीण असते. तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो: हजारो वर्षांची, पण दिसायला कोवळी. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा २०२०चा चिनी खेळ माझा भाचा खेळतो. त्यातल्या झोंगली नावाच्या देवाचं वय सहा हजारांहून जास्त आणि चेहरा नुकत्याच कॅम्पस प्लेसमेंट झालेल्या मुलाचा. पुरुषांनाही हीच सूट दिली आहे म्हणून मी गप्प बसले असते. पण त्याच खेळात मॅडम पिंग नावाच्या एक आजी आहेत. बंदरावरच्या एका गच्चीवर फुलांपाशी उभ्या असतात. फार गोड बाई. त्यांच्या दोन शिष्या, श्यांगलिंग आणि याओयाओ, घेऊन आपल्याला खेळता येतं. गुरूला घेऊन येत नाही. आणि म्हातारपणही त्यांचं खरं नाहीच, मूळच्या त्या अमर सिद्धांपैकी; म्हातारीचं नुसतं रूप घेतलेलं. त्या खेळाच्या एवढ्या मोठ्या ताफ्यात खेळायला घेता येईल अशी म्हातारी बाई मला एकही सापडली नाही.

‘फायनल फँटसी १४’मध्येही तेच. मातोया नावाची एक म्हातारी विदुषी डोंगरातल्या गुहेत एकटी राहते. जीभ अशी की आपल्या सदाशिव पेठेत सहज खपून जावी. आलेल्याला आधी झापते, मग मदत करते. तिची शिष्या याश्तोला मात्र पोस्टरवर, मोहिमेत, प्रत्येक निर्णायक प्रसंगात. पुढे एका भागात तर ती शिष्या मातोया हेच नाव लावून वावरते. म्हणजे गुरूची विद्या चालते, दरारा चालतो, नावसुद्धा चालतं. गुरू तेवढी गुहेत.

पुरुषांचं वय मात्र या धंद्याला चालतं. नुसतं चालत नाही, शोभतं. ‘गॉड ऑफ वॉर’ ऑनलाइन खेळ नव्हे, पण त्याच्याशिवाय हे सांगता येत नाही. २०१८च्या भागात त्याचा नायक क्रेटॉस दाढीवाला, थकलेला, बाप झालेला असा आला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. वयाने त्याला वजन आलं, असं सगळ्यांनी लिहिलं. गोष्ट सुरू होते ती त्याच्या बायकोच्या चितेपासून. बाई गोष्टीच्या आधीच गेलेली! या कथांमधल्या आया इतक्या नेमाने पहिल्या पानाआधी मरतात की लिहिणाऱ्यांना जिवंत आईचं काय करायचं हे कळतच नसावं, अशी मला दाट शंका आहे.

एक अपवाद मात्र मनापासून सांगायचा आहे. ‘ओव्हरवॉच’. हा समोरासमोर लढायचा खेळ; त्याची गोष्ट छोट्या फिल्म आणि कॉमिक्समधून सांगतात. जुलै २०१६ मध्ये त्यात ॲना अमारी आली. इजिप्तची, वय ६०, नेमबाज, एका डोळ्यावर पट्टी. तिची लेक फाराही त्याच खेळात आहे, म्हणजे आई-लेकी एकाच मैदानात. ॲनाच्या बंदुकीची गोळी शत्रूला लागली तर तो घायाळ होतो, आपल्या माणसाला लागली तर तो बरा होतो.

मला तिचे पांढरे केस आवडले ते वेगळं. पण मी तिच्या प्रेमात पडले ती दुसऱ्याच कारणाने. त्या खेळात बहुतेकांकडे पळून जायची काहीतरी सोय असते. कुणी उडतं, कुणी भिंत चढतं, कुणी क्षणात गायब होतं. ॲनाकडे यातलं काहीच नाही. तिला उभं कुठे राहायचं हे आधीच ठरवावं लागतं. सगळं मैदान दिसलं पाहिजे, पाठीमागे आडोसा पाहिजे, आणि कोण कुठून येणार हे तो यायच्या आधी कळलं पाहिजे. कुणी अंगावर आलंच तर जवळ एक झोपेची सुई, ती चुकली की संपलं. ज्याने हे पात्र रचलं त्याने ठरवून केलं की नाही कोण जाणे, पण साठीचं शरीर असंच चालतं. चपळाई गेली की अंदाज कामाला येतो. रस्ता ओलांडताना माझ्या वयाच्या बायका हेच करतात: धावायचं नाही हे पक्कं असतं, म्हणून कोणता रिक्षावाला थांबणार नाही हे चेहऱ्यावरून ओळखतात. ॲनाचं वय नुसतं कपाळावर काढलेलं नाही, खेळणाऱ्याच्या हातात येतं. अठरा वर्षांचं पोरगं ॲना घेऊन खेळतं तेव्हा पाच मिनिटं का होईना, साठीच्या बाईसारखा विचार करतं.

त्याच खेळात राइनहार्ट नावाचा ६१ वर्षांचा जर्मन गडी लोखंडात मढून हातोडा फिरवतो. तोही झकास आहे. साठीचा पुरुष आणि साठीची बाई, दोघांनाही जागा मिळाली. एवढंच तर मागणं आहे.

आता ‘बाकीचे असं का करत नाहीत’ याचं उत्तर मी फुकट मिळवलं. बाणेरच्या एका स्टुडिओत थ्रीडीचं काम करणारा मुलगा मान धरून माझ्याकडे येतो. ट्रॅक्शनवर, म्हणजे मान ताणून ठेवलेली असताना, माणसाला कुठे जाता येत नाही, त्यामुळे मी प्रश्न विचारून घेते. तो म्हणाला, ‘‘मॅडम, आतला सांगाडा एकच असतो, त्याला आम्ही रिग म्हणतो. चालणं, धावणं, तलवार उपसणं हे सगळं त्या सांगाड्याला एकदाच शिकवायचं. वर शेकडो चिलखतं, झगे, बूट. शरीराचा आकार बदलला की सगळं पुन्हा बसवत बसा.’’ मला हे पटलं. शिंप्याचं दुखणं शिंप्यालाच ठाऊक.

पण मग मी विचारलं, ‘‘माझ्या खेळात सरड्यासारखी माणसं आहेत, मांजरासारखी आहेत. त्यांना शेपट्या आहेत. त्या शेपट्यांसाठी सांगाडा वाढवला, झग्यांतून शेपटी बाहेर काढली, तेव्हा खर्च नाही आला?’’ तो हसला (मानेला ताण बसला, मी ओरडले). ‘फायनल फँटसी १४’मध्ये सिंहासारख्या चेहऱ्याची एक जमात आहे. २०१९ मध्ये त्यातले फक्त पुरुष आले. बायका हव्यात म्हणून खेळणाऱ्यांनी लकडा लावला आणि २०२४ मध्ये त्या आल्या, सगळे कपडे नव्याने बसवून. म्हणजे मागणी असली की सिंहीण मिळते. साठीची बाई कुणी मागितली नसावी.

मागणार कोण? मागणारी तिथे असते हेच कुणाला माहीत नाही. मध्यंतरी ग्राफिक कार्ड बदलायला एका दुकानात गेले होते. काउंटरवरचा मुलगा माझ्याशी फार अदबीने वागला, पण प्रत्येक वाक्य ‘तुमच्या मुलाला सांगा की’ने सुरू करत होता. मुलगा मला नाही. अनोळखी लोकांबरोबर खेळताना माइक चालू केला की पलीकडून हमखास येतं, ‘‘आंटी, फोन बेटे को दो.’’ म्हणून आता मी माइक बंदच ठेवते आणि टाइप करते. टाइप करताना ते मला ‘ब्रो’ म्हणतात. माझ्यासारख्या आणखी किती जणी त्या ‘ब्रो’मागे बसल्या असतील, हे मोजायला कुणी जाणार नाही.

बाहेर हे दिसायला तरी लागलं आहे. जपानच्या हामाको मोरी, जन्म १९३० चा. गेम खेळणाऱ्या सर्वांत वयस्कर यूट्यूबर म्हणून नव्वदाव्या वर्षी, २०२० मध्ये, त्यांची गिनीज बुकात नोंद झाली. अमेरिकेच्या शर्ली करी, १९३६ च्या. मी खेळते त्याच मालिकेतला ‘स्कायरिम’ खेळताना लाखो लोकांनी त्यांना पाहिलं, आणि मालिकेच्या पुढच्या भागात त्यांच्यावरून एक पात्र करणार असल्याचं कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केलं. छानच. पण तेही वाटेत भेटणारं पात्र. खेळायला घ्यायचं नव्हे.

आता पुण्याबद्दल. कारण हे सगळं अमेरिका-जपानला सांगून मला काय मिळणार? ‘राजी’ हा खेळ पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला, २०२० मध्ये जगभर गेला. भावाला सोडवायला राक्षसांशी लढणारी सर्कशीतली पोर, आणि तिची गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. मी तो एका बैठकीत नाही, पण आवडीने पुरा केला. ‘इंडस’ हा ऑनलाइन लढाईचा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, तो करणारी सुपरगेमिंगही पुण्याचीच. म्हणजे हात इथे आहेत, यंत्रं इथे आहेत. आणि गोष्टी?

महाराणी ताराबाईंचं चित्र म्हटलं की आपल्याला घोड्यावरची पंचविशीतली ताराबाई दिसते, औरंगजेबाला झुंजवणारी. ते खरंच आहे. पण मला खेळायला मिळाली तर १७५० ची ताराबाई हवी. जन्म १६७५ चा, म्हणजे वय पंचाहत्तर. शाहू महाराज जाऊन वर्ष होत आलेलं. ज्या रामराजाला नातू म्हणून तिनेच पुढे केलं, तो ऐकत नाही म्हटल्यावर तिने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं आणि नानासाहेब पेशव्यांना आव्हान दिलं. मदतीला तळेगावच्या उमाबाई दाभाडे. त्यांच्या बाजूने दमाजी गायकवाड फौज घेऊन आले, १७५१ मध्ये पकडले गेले, दाभाडेही कैदेत पडले. ताराबाईने तरी किल्ला सोडला नाही. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथा झाल्या, समेट झाला, पण रामराजा तिच्या हयातीत काही सुटला नाही. १७६१ च्या जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले. म्हातारी त्याच्यानंतर, डिसेंबरमध्ये गेली.

यात तलवार कुठे उपसायची? कुठेच नाही. कोणाच्या पत्रावर विश्वास ठेवायचा, गडावरच्या कोणत्या शिपायाचं मन फिरलंय, धान्य किती दिवस पुरेल, समोरच्याने पाऊल टाकायच्या आधी ते ओळखायचं. चार-पाच जणांनी ऑनलाइन बसून खेळायला याहून चांगला डाव कोणता? आणि ती काही सोज्वळ आजी नव्हे. हट्टी, कारस्थानी, नातवालासुद्धा न सोडणारी. तीच तर गंमत आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या बाईला एकतर देव्हाऱ्यात बसवतात नाहीतर ओट्यापाशी.

खऱ्या नावाने खेळ काढला तर दुसऱ्या दिवशी स्टुडिओवर मोर्चा येईल, हे मलाही समजतं. मग नाव बदला, गड काल्पनिक करा, राज्य कुठल्यातरी ग्रहावर न्या. पण वय पंचाहत्तरच ठेवा. आणि ती गडाच्या पायऱ्या उतरेल तेव्हा दुखरा पाय आधी टाकू द्या.

पत्र लांबलं आहे, काटछाट करायला माझी हरकत नाही. फक्त पुढची ओळ ठेवावी. पुण्यातल्या कुठल्याही स्टुडिओच्या ॲनिमेशन करणाऱ्यांना साठीपुढच्या बायका कशा उठतात, वळतात, वजन उचलतात, जिना उतरतात हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर बुधवारी सकाळी माझ्याकडे तोलाच्या व्यायामाचा वर्ग असतो. वर्गातल्या बायकांना मी विचारलं आहे. बहुतेकींची तयारी आहे, एकीने तर ‘आमचे पैसे किती देणार’ असंही विचारलं, आणि ते रास्तच आहे. माझा फोन नंबर सोबत आपल्या कार्यालयासाठी दिला आहे. नाव छापू नये, सोसायटीत अजून माहीत नाही.

आपली नम्र,
एक वाचक,
कर्वेनगर, पुणे